घर नटवा, एजंट पटवा

विकायला काढलेलं घर आधी सजवायचं, पार्टी येऊन बघून गेली, व्यवहार ठरला की तीच सजावट टेम्पोत भरून पुढच्या घरी न्यायची, या धंद्याला होम स्टेजिंग म्हणतात. अमेरिकेत सिएटलला १९७२ च्या सुमारास बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी तो सुरू केला असं सांगतात. हे ऐकून कोल्हापूरकरानं दबून जायचं कारण नाही. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी बाबूराव पेंटरांनी रंगवलेले पडदे बाजूला सारून खरी वाटतील अशी घरं सिनेमाच्या सेटवर उभी केली होती. १९२९ ला प्रभात कंपनीही इथंच निघाली. नसलेलं घर असल्यासारखं दाखवणं ही आपली जुनी विद्या आहे. फरक एवढाच, की सिनेमा बघणारा तीन तासांत उठून जायचा. तुमचा सेट बघणाऱ्याला पुढं वीस वर्षं हप्ते भरायचे आहेत.

आता कामाला लागू. तुमचं गिऱ्हाईक घरमालक नव्हे. त्याला पैशाची नड आहे, म्हणून तर तो घर विकतोय. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे इस्टेट एजंट. त्याला कसं गाठायचं, ते पुढीलप्रमाणे.

१. एजंट ऑफिसात शोधू नका. ऑफिसात काचेचं टेबल, अंबाबाईचा फोटो, महारेराच्या नोंदणीची फ्रेम आणि 'साहेब साइटवर गेलेत' म्हणणारा एक मुलगा असतो. साहेब दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर असतात. महारेरानं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, त्यामुळं समोरचा माणूस परीक्षा पास झालेला असू शकतो. त्या आदरानं बोला. नोंदणी पुतण्याच्या नावावर निघाली, तर तेवढ्याच आदरानं पुतण्याशी बोला.

२. वेळ पितृपक्षाची निवडा. त्या पंधरवड्यात कुणी विसार देत नाही आणि कुणी घेत नाही, त्यामुळं एजंट मोकळा असतो आणि दोन चहांपर्यंत तुमचं ऐकून घेतो. दसरा-पाडव्याला गेलात तर तो फोन कानाला लावूनच तुम्हाला हातानं 'नंतर' म्हणेल.

३. सौंदर्याबद्दल चकार शब्द काढू नका. उजेड, मोकळेपणा, रंगसंगती हे शब्द घरी ठेवून या. एजंटाला रेट, फेसिंग आणि पार्टी एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर त्यानं राजारामपुरीत स्वतःचा बंगला बांधलाय, हे विसरू नका. सध्या चालणारा विषय धरा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून शहरातला प्रत्येक टू बीएचके 'वकील साहेबांसाठी एकदम योग्य' आहे, पार पाचगावातलासुद्धा. म्हणून हॉलमध्ये जाड पुठ्ठ्यांची पुस्तकं लावा आणि खुंटीला एक काळा कोट अडकवा. कोट कुणाचा असं विचारलं, तर एजंटाकडे बघून हसा. बाकीचं तो सांभाळतो, ती त्याची दलाली आहे.

४. 'बघू की' याचा अर्थ लावत बसू नका. तुमचं कार्ड खिशात घालताना तो हेच म्हणणार. पुढच्या वेळी तेच कार्ड त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, पार्किंगच्या पावतीखाली दिसेल. ही चांगली खूण आहे. फेकून दिलेलं नाही.

५. पहिलं घर फुकट करून द्या. दुसरंही. तिसऱ्याला पैशाचा विषय काढलात, की तो दुखावल्या आवाजात म्हणेल, 'आवं, आपल्यात काय हिशोब धरताय?' इथं थोडं वाईट वाटेल. वाटू द्या. याच वाक्यावर शहरातले निम्मे धंदे उभे आहेत.

आता प्रत्यक्ष नटवण्याकडे वळू, कारण एजंट तुमची पारख इथंच करतो.

६. परदेशी पुस्तकात काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं ठेवा असं लिहिलेलं असतं. घर प्रसन्न दिसतं म्हणे. कोल्हापुरात हे करू नका. रिकाम्या घरात भांडंभर लिंबं दिसली, की पार्टीबरोबर आलेली आत्या उंबऱ्यावरूनच मागं फिरेल. संध्याकाळपर्यंत त्या फ्लॅटचं नाव गल्लीत अशा कारणासाठी होईल, की पुढची पाच वर्षं तो भाड्यानंही जाणार नाही.

७. घरातल्या खासगी खुणा काढा, असंही ते पुस्तक सांगतं. काढा, पण आजोबांच्या हार घातलेल्या फोटोला हात लावू नका. त्यावरून मालकाच्या बायकोनं एजंटाला फोन केला, तर तुमचा धंदा तिथंच आटोपला. गदा राहू द्या, शाहू महाराज राहू द्या. फुटबॉलचं मात्र नीट बघा. भिंतीवर पाटाकडीलचा झेंडा असेल आणि बघायला येणारा शिवाजी तरुण मंडळाचा असेल, तर व्यवहार जिन्यातच मोडतो. झेंडा कपाटात टाका. कपाट नसेल तर पुढचा मुद्दा वाचा.

८. कपाट ठेवायचंच नाही. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये पाच फुटी पलंग, बिनदाराची चौकट आणि समोर भिंतभर आरसा. एवढं केलं की खोली लग्नाच्या हॉलएवढी दिसते. पार्टीला संशय येऊन कुणी त्या पलंगावर आडवं झालं, तर पाय बाहेर येतील. म्हणून पलंगावर आठ उशा रचा आणि त्या हलवायला कुणाला लाज वाटेल इतक्या टापटिपीनं रचा. बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये हीच विद्या चालते, तुम्ही तिची छोटी शाखा काढताय एवढंच. फोटो वाइड अँगलनं, खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून काढा. टाइल लांबोळकी दिसली तरी चालेल. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाइल कोण मोजतंय?

९. वासाचं शास्त्र. अमेरिकेत घर दाखवण्याआधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजतात. इथं आधी एजंटाला विचारा, पार्टी कोण. 'आपल्यातलीच हायत' असं म्हणाला, तर कांदा-लसूण मसाल्याची फोडणी द्या; रविवार असेल तर तांबड्या रश्श्याचं पातेलंच गॅसवर ठेवा, घर जिवंत वाटतं. 'ते तसलं खात नाहीत' असं म्हणाला, तर अगरबत्ती लावा आणि खिडक्या आदल्या रात्रीपासून उघड्या ठेवा. 'फक्त शाकाहारींना' ही ओळ जाहिरातीत लिहिणारा एजंट वेगळा आणि तिच्यासाठी खिडक्या उघडणारे तुम्ही वेगळे, असं मनाशी म्हणत राहा. चार-पाच घरांनंतर म्हणावं लागत नाही.

१०. पूर. हा मुद्दा सावकाश वाचा. नदीकाठच्या पट्ट्यातलं घर आलं, की एजंट तुम्हाला स्वतःहून फोन करेल, आणि नावासमोर ताई लावून. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. तुम्हाला त्या पाण्याची भिंतीवरची रेघ घालवायची आहे. नुसता रंग देऊ नका, पहिल्या पावसात ओल पुन्हा वर येते. पाच फुटांपर्यंत टेक्श्चर पेंट मारा, वर सोनेरी पट्टी लावा आणि तिला डिझाइन म्हणा. खालच्या फळीवर पुस्तकं ठेवू नका, कुंड्या ठेवा. नवशिके इथवर सगळं बरोबर करतात आणि जिन्यातल्या मीटरबोर्डाला विसरतात. २०१९ नंतर सोसायटीनं तो उचलून माणसाच्या डोक्याच्या वर नेलेला असतो, आणि रीडिंग घ्यायला आलेला पोरगा स्टूल मागत असतो. पार्टी चार मिनिटं त्या बोर्डाकडे बघत उभी राहते. तुमची सोनेरी पट्टी बरोबर त्याच्या दीड फूट खाली. अशा वेळी एजंट म्हणतो, 'यंदा कुठं आलतं पाणी?' हे वाक्य तुम्ही म्हणू नका. तुम्ही फक्त कुंडी सरळ करा.

११. पाण्याचा दुसराही प्रश्न येणार: नळाला किती वेळ येतं? काळम्मावाडीचं पाणी २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं शहरात पोचलं, तेव्हापासून एजंट या प्रश्नावर फक्त 'थेट पाइपलाइन' एवढंच म्हणतात आणि विषय संपवतात. पार्टीबरोबरचे मामा तरी नळ सोडून बघणारच, फ्लशही ओढणार. बघायला येणाऱ्या घोळक्यात निर्णय त्या मामांचा असतो. ते उशांकडे ढुंकून बघत नाहीत. टाकी आदल्या दिवशी टँकर मागवून भरून ठेवा, खर्च तुमचा.

१२. वास्तूवरून कुणाशी वाद घालू नका. दरवाजा दक्षिणेला असेल तर समोर मोठं झाड ठेवा आणि एजंटाला आग्नेय म्हणू द्या.

१३. पैसे. आपले पैसे व्यवहार झाल्यावर, असं ठरतं. मग विसार झाल्यावर, मग बँकेचं कर्ज मंजूर झाल्यावर, मग दस्त झाल्यावर, मग दलाली हातात आल्यावर. दलाली आल्यावर एजंट आठवण काढतो, की पार्टी ठरली ती तुम्ही आरसा लावायच्या आदल्या दिवशी. कुणी लिहून ठेवलंय? एखाद-दुसरा एजंट तुमचेच फोटो वापरून स्वतःच नटवण्याचं काम सुरू करेल. मांडववाल्याकडून सोफा त्यालाही तुमच्याच भावात मिळतो.

१४. सामान वेळेत उचला. तोच सोफा नागाळा पार्कात, तोच रुईकर कॉलनीत आणि तोच कळंब्यात एकाच पार्टीला दिसला, तर पार्टी त्यावर बसून घरासारखी ऐसपैस होते, हे खरं. पण मग घराकडे बघत नाही. म्हणून टेम्पो सांगून ठेवा, मांडववाल्याची पावती खिशात ठेवा आणि पार्टी गेली रे गेली की एजंटाला फोन लावा. तो उचलेल. आवाजही आनंदी असेल. 'झालं की मॅडम, फायनल झालं! फक्त आता टेम्पो पाठवू नका. सोफ्यासकट बोललोय.'