बॉनेटकाका

गाडीत बसण्याआधी बॉनेटवर तीन थापा मारायच्या, कान टेकवायचा आणि दोन पावलं मागं सरून थांबायचं. हा प्रकार पाहिला की नवख्याला वाटतं, एक तर गाडी बिघडलीय नाहीतर माणूस. नगरच्या सावेडी भागात (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण काकांच्या तोंडी नगरच) कंपाउंडपलीकडं जिथं अजून रिकामे प्लॉट आणि गाजरगवत उरलंय, तिथं दोन-चार गल्ल्यांमागं असा एक माणूस सापडतोच. आमच्या गल्लीतल्याला पोरं बॉनेटकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि माझा अंदाज, आवडतंही.

काका महावितरणमधून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं पारनेर-पाथर्डीकडच्या खांबांवर गेली. "११ केव्हीच्या लाइनवर काम केलेला माणूस मी. खारीनं ट्रान्सफॉर्मर उडवलेला पाहिलाय. पण खार जागेवर संपायची. इथं गाडीत १२ व्होल्टची बॅटरी! वायरी कुरतडणाऱ्या उंदराला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत." हे सांगताना आवाजात राग कमी आणि पाणउतारा झाल्याचं दुःख जास्त.

उंदीर भुकेपोटी वायर कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, म्हणून ते झिजवावे लागतात. ही माहिती काका लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, भाजीच्या गाड्यावर, कुठंही देतात. ती खरी आहे, त्यामुळं त्यांना गप्प करता येत नाही. इंजिनाची ऊब, आडोसा हेही ओघानं येतं. जामखेडहून दर वर्षी डिकीत घालून आणलेल्या ज्वारीच्या पोत्याचा उल्लेख मात्र काकूंनाच करावा लागतो.

उपाय सगळे झाले. डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या, तेव्हा त्या गाडीत बसलं की ट्रंकेतल्या शालूत गुंडाळल्यासारखं वाटायचं. उंदरांना तसं काही वाटलं नसावं. मग कुणीतरी तंबाखू सांगितली. काकांनी जन्मात सुपारीही खाल्लेली नाही, पण रोज संध्याकाळी टपरीवर जाऊन संगमनेरची गायछाप मागू लागले. टपरीवाला आपुलकीनं विचारी, "चुना नको?" काका गंभीरपणे म्हणत, "नको, ते नुसतीच खातात." आठवड्याभरात गल्लीत बोभाटा झाला की काकांना या वयात नाद लागला. शेवटी पुडी घ्यायला काकूंनाच जावं लागलं, आणि तो बोभाटा पहिल्यापेक्षा मोठा झाला.

पिंजऱ्यात उंदीर सापडतो कधीकधी. पण मारायचा नाही. त्याला स्कूटरवर घालून पाईपलाइन रोडच्या पार टोकाला सोडून यायचं. "माळीवाड्याच्या विशाल गणपतीला मी दर चतुर्थीला जातो. त्याच्या वाहनाला मारून तिथं काय तोंड दाखवू?" काकूंचं मत असं की काका घरी पोचायच्या आत उंदीर पोचलेला असतो. डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायाशीही एक उंदीर आहे. इंजिनाकडं पाहणारा तो चिमुकला उंदीर काकांनी फेव्हिक्विकनं मागं वळवून चिकटवलाय. फितुरी नको.

एका पावसाळ्यात उंदरांच्या मागावर धामण आली आणि बॅटरीशेजारी वेटोळं करून बसली. अख्खी गल्ली गोळा झाली. सर्पमित्र आला. त्यानं धामण बिनविषारी असल्याचं सांगून ती अलगद पिशवीत घेतली, आणि काका त्याला बाजूला घेऊन हळूच विनवू लागले, "चार दिवस राहू दे की रे. काम चांगलं करतीय ती." सर्पमित्रानं काकूंकडं पाहिलं आणि पिशवीची गाठ आवळली.

थापा मात्र उंदरासाठी नसतात. त्या मांजरासाठी. डिसेंबरात नगरची थंडी हाडात शिरते, तेव्हा मांजरं, पिल्लं गरम इंजिनावर जाऊन झोपतात. गाडी सुरू झाली की पट्ट्यात नाहीतर पंख्यात सापडतात. जपानमध्ये निस्सान कंपनीनं यासाठी बॉनेट वाजवायची मोहीमच चालवली होती. मी ते सांगितलं तर काका म्हणाले, "त्यांना आत्ता कळलं?" स्वतःची गाडी वाजवून झाली की ते रांगेतल्या बाकीच्याही वाजवतात. सकाळी सहाला. पहिल्या मजल्यावर झोपणाऱ्याला मांजराची काळजी घ्यावी की काकांचा गळा धरावा, कळत नाही. परवा दूधवाल्याच्या मोटारसायकलच्या टाकीवरही त्यांनी एक थाप मारली. सवय.

यंदा श्रावणात त्यांच्या गाडीत पंधरवडाभर एक लेंडी दिसली नाही. कुणीही खूश झालं असतं. काका अस्वस्थ झाले. टॉर्च घेऊन रात्री दोन-दोनदा खाली उतरू लागले. "कुठं गेले असतील?" असं त्यांनी मला ज्या स्वरात विचारलं, त्या स्वरात आमच्याकडं पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांची चौकशी होते.

त्याच आठवड्यात माझी गाडी गचके देऊ लागली. गॅरेजवाल्यानं एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत कापूस, सुतळी आणि पिवळ्या कापडाच्या चिंध्यांचं ऐसपैस घरटं. काका अर्थातच सोबत आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक चिंधी चिमटीत धरून उजेडात नेली.

"हे आमच्या हिचं फडकं," ते म्हणाले. चेहरा उजळला. "आमचेच आहेत रे! तंबाखू किती घालायची, ते मी सांगतो तुला."