आधी पॉलिश, मग शिजवणं

वसमतच्या मोंढ्यात ओली हळद कोणी नेत नाही. ती आधी शिजवतात, वाळवतात, मग पॉलिश करतात. पोरांच्या बाबतीत आम्ही थेट पॉलिशलाच लागतो.

२०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के! (उरलेल्या पाच शतांशांनी काय घोडं मारलं होतं, देव जाणे.) निकाल १६ जुलैला आला, आणि मागचं राहिलेलं भरून काढणारा ४५ दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम १ जुलैलाच सुरू झाला होता. कोरोनाचं निमित्त होतं, मान्य. पण कोरोना गेला तरी खड्डा तिथंच आहे. कयाधू नदीवर पूल बांधताना दोन्ही काठ आधी बघतात. इथं अलीकडचा काठ ढासळलेला, आणि पलीकडे अकरावी सायन्सचा बोर्ड.

म्हणून बाप एकरभर हळदीचे पैसे घेऊन नांदेड-लातूरचा क्लास गाठतो. पोराचं नाव गावच्या कॉलेजात, पोरगं क्लासात. तिथले सर पहिल्याच आठवड्यात विचारतात, दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश?

अपूर्णांक प्राथमिक शाळेत शिकवतात. तिथं फी लागत नाही.