हिरवा माणूस आणि पाटीवाली मावशी

खारदांड्याहून खार स्टेशनला चालत निघालं की आधी लिंकिंग रोड आडवा येतो, मग एस. व्ही. रोड. सिग्नलवरचा हिरवा माणूस म्हणतो, चला. त्याचं काय जातंय? हातात पिशवी नाही, कडेवर पोर नाही, गुडघे ठणठणीत. 2020 साली दादर-माहीमकडच्या सिग्नलांवर फ्रॉकमधली बाईही आली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण डोक्यावर पाटी तिच्याही नव्हती.

आमच्या दांड्याच्या मावशीच्या डोक्यावर आधी चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत बर्फासकट बांगडे. त्यातून बर्फाचं पाणी कानामागून ओघळतंय. आपल्याकडे सिग्नलचं गणित करताना पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं साधारण धरतात. रस्ता 24 मीटर रुंद असेल तर 20 सेकंदांत पार. मावशी सेकंदाला 0.8 मीटरने चालली तर लागतात 30. उरलेल्या 10 सेकंदांत ती रस्त्याच्या मधोमध, आणि समोर भोंग्यांची आरती. ‘‘ए दादा, धावू काय आता पाटी घेऊन?’’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच दादाकडे नसतं. अमेरिकेने 2009 साली हा हिशेबातला वेग सेकंदाला 4 फुटांवरून 3.5 फुटांवर आणला. तिथे तर मासळीच्या पाट्याही नाहीत.

बरं, लाल दिव्याला सगळे थांबतात असंही नाही. रिक्षाचं पुढचं चाक झेब्रा पट्ट्यांची चव घेऊन बघतं. बाइकवाले पट्ट्यांवरच तळ ठोकतात. पण खरी धास्ती वळणाऱ्या गाडीची. तिलाही हिरवा, मावशीलाही हिरवा. दोघी दिव्याच्या हिशेबाने बरोबर, आणि त्यातल्या एकीलाच बंपर आहे.

यावर न्यूयॉर्कमध्ये केलेला इलाज फार खर्चाचा नाही. पादचाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या काही सेकंद आधी हिरवा करतात. तेवढ्यात चालणारा रस्त्यात पुढे येतो, वळणाऱ्याला ठळक दिसतो. त्याला पूल लागत नाही, जिने लागत नाहीत. (पाटी घेऊन स्कायवॉकचे जिने चढा, असं सुचवणाऱ्याने एकदा स्वतः चढून दाखवावं.)

तेव्हा वाहतूकवाल्या साहेबांना विनंती एवढीच: सेकंद ठरवण्याआधी सकाळी बाजाराच्या वेळी घड्याळ घेऊन नाक्यावर या, आणि पाटीवाल्या मावशीला किती वेळ लागतो तेवढा मोजा.