पुढूनच प्रॉब्लेम हाय

मनमाड–सिकंदराबाद मार्गावर परभणी सोडली की पूर्णेच्या अलीकडे पिंगळी लागते. अशा गावात तलाठी एखादे वेळी सापडणार नाही, पण ‘कम्प्युटरमधलं कळणारा’ हमखास सापडतो. त्याचं शिक्षण कुणी विचारत नाही. एमएस-सीआयटी २००१ साली निघाली, तेव्हापासून सर्टिफिकेटं घरोघर भिंतीला लागलेली आहेत. पण सर्टिफिकेटानं कुणी कळणारा होत नाही. कळणारा होतो तो ठामपणानं. बाकीचे लोक यंत्रासमोर बिचकतात, हा बिचकत नाही. खिशात स्टारचा स्क्रूड्रायव्हर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह आणि जिभेवर तीन निदानं: ‘ड्रायव्हर गेलाय’, ‘विंडोज मारावी लागती’ आणि ‘पुढूनच प्रॉब्लेम हाय’. तिसरं निदान सगळ्यात भारी, कारण ‘पुढून’ म्हणजे परभणी, नांदेड की थेट मुंबई, हे त्यालाही सांगावं लागत नाही. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सेवा केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून मुरलेल्या माणसांना ते लगेच पटतंही.

त्याची खरी परीक्षा नव्या कम्प्युटरवर व्हायला हवी. कुणाच्या तरी पोरानं सुटे भाग जमवून, काही परभणीतून आणि काही ऑनलाइन मागवून, मशीन जुळवलेलं असतं. दिवे लागतात, पंखे फिरतात, विंडोज उघडते. फक्त नेट यायलंय अन् जायलंय. दहा मिनिटं व्हिडिओ चालतो, मग गोल फिरत बसतो, मग आपोआप सुरू होतो. कळणारा येतो. तो राउटर बंद करून चालू करतो, त्याची दिशा बदलतो, वायर काढून घालतो, अँटिव्हायरस उडवतो, डीएनएसच्या जागी चार आठ टाकतो, ड्रायव्हर नवा घालतो आणि मे महिना असला तर कूलरचं तोंड राउटरकडे करतो. हे सगळं एका बैठकीत, चहा यायच्या आत. नेट येतं. ‘झालं बघा, काका.’ काय झालं, हे मात्र काकांना कळत नाही आणि त्यालाही नाही. सात गोष्टी एकदम बदलल्यावर कोणती लागू पडली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

माझं म्हणणं असं, की या माणसाची कीर्ती त्याच्या ज्ञानावर उभी नाही आणि अज्ञानामुळे ढासळतही नाही. ती उभी आहे बिघाडाच्या स्वभावावर. कायमचं मेलेलं नेट त्याला उघडं पाडतं: एक तर ते सुरू होतं, नाही तर होत नाही. येऊन जाणारं नेट मात्र तिजाऱ्याच्या तापासारखं असतं. तो उतरायचा तेव्हा आपोआप उतरतोच, आणि त्याच वेळी दंडाला गंडा बांधणारा श्रेय घेऊन जातो. गेलेलं नेट परत येणार, हे आधीच ठरलेलं असतं. कळणाऱ्यानं फक्त ते येईपर्यंत हात चालू ठेवायचे. म्हणून त्याची सगळी यशं खरी असतात आणि एकाही यशातून काही शिकता येत नाही. पुन्हा गेलं तर? ते पुढून गेलेलं असतं.

नव्या मशीनवर हे जास्त खपतं. जुना कम्प्युटर बिघडला तर निदान ‘काल चालत होता, मधे काय बदललं?’ असं विचारता येतं. नव्याला कालच नसतो. त्यातला कुठलाच भाग कधी नीट चालल्याचा पुरावा नसल्यानं सगळेच संशयित. आणि खरे गुन्हेगार बहुधा फार साधे निघतात. वायफायवाल्या मदरबोर्डसोबत दोन अँटेना येतात. त्या मागच्या बाजूला पिळून बसवायच्या असतात. बरेचदा त्या खोक्यातच राहतात, आणि लोखंडी पेटीआडून (जिला सगळं गाव सीपीयू म्हणतं) सिग्नल कसाबसा धडपडत येतो. यूएसबी ३ च्या जोडण्यांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गोंगाट होतो, तेव्हा त्याच पोर्टाशेजारी वायफायचा डोंगल खोचला की रडगाणं सुरू. वायरनं जोडलं असेल तर आठ तारांचा हिशेब पाहावा लागतो: शंभर एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यातली एक जोडी ढिली असली किंवा तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असली, की जोडणी तुटते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्डाला झोपवायची सोय असते. काही कार्डं झोपतात ती वेळेवर उठत नाहीत. आणि कधी दोष चिपमध्येच असतो: इंटेलच्या आय-२२५ या नेटवर्क चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत तो होता, आणि २०२० मध्ये कंपनीनं तसं मान्यही केलं. यातलं एकही दुखणं डीएनएस बदलून बरं होत नाही.

यावर कळणाऱ्याच्या बाजूनं बोलणारे तिघे तरी उठतील. पहिला म्हणेल, कंपनीला फोन केला तर तक्रारीचा नंबर मिळतो, हा मात्र रात्री नऊला चपला घालून येतो, तेही चहावर. कबूल, त्याच्या येण्याबद्दल तक्रार नाहीच, आल्यावर तो जे करतो त्याबद्दल आहे. दुसरा म्हणेल, बंद-चालू केल्यानं खरंच चालतं की! चालतं. कार्ड नव्यानं जागं होतं, राउटरकडून पत्ता नव्यानं घेतं. पण तेवढ्यात बिघाडाची खूणही पुसली जाते, आणि अर्ध्या तासानं तो परत येतो तेव्हा आपण होतो तिथंच असतो. तिसऱ्याचा आक्षेप वजनदार आहे: कधी कधी प्रॉब्लेम खरोखरच पुढून असतो. रस्ता खणताना जेसीबीनं केबल तोडलेली असते, वीज गेल्यानं टॉवरवरचं सगळं बसलेलं असतं. हे तर रोजचंच. पण खरं बोलणं वेगळं आणि खरं ठाऊक असणं वेगळं. बंद घड्याळाच्या वेळेवर कुणी गाडी पकडायला निघत नाही.

ठाऊक करून घेण्याचा मार्ग स्वस्त आहे, आणि बहुधा म्हणूनच त्याला मान नाही. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांचं नेटवर्क असंच विचित्र वागत होतं; त्यांनी एका संध्याकाळी ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का, किती वेळात येते, ते नोंदवतो. आजही तो प्रत्येक विंडोजमध्ये फुकट असतो. काळी खिडकी उघडून एकीत घरच्या राउटरला हाक मारत ठेवायची, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, आणि कशालाही हात न लावता बसायचं. नेट गेल्यावर दोन्ही खिडक्या गप्प झाल्या, तर दुखणं घरात: कार्ड, वायर, अँटेना किंवा राउटर. राउटर ओ देतोय आणि बाहेरचा देत नाही, तर मग खुशाल म्हणावं पुढून. घरातलंच निघालं तर तीच वायर दुसऱ्या लॅपटॉपला लावायची, किंवा या मशीनला मोबाइलचं हॉटस्पॉट द्यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

यातली ‘हात न लावता बसायचं’ ही पायरी कळणाऱ्याला जड जाते. पाच माणसं भोवती उभी असताना त्यानं नुसतं बघत बसावं, हे त्याच्या पदाला शोभत नाही. पण त्याला वळवायला जागा आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर सरकताना पाहून काकांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो, तो राउटरचं बटण दाबून कधीच उमटत नाही, आणि कळणाऱ्याची नजर स्क्रीनपेक्षा काकांच्या चेहऱ्यावर जास्त असते. एकदा का त्याच्या हे लक्षात आलं, की तो दर घरी पिंग लावत सुटेल. फक्त खिडक्या दोन उघडाव्या लागतात, हे त्याला आधीच सांगून ठेवावं. एकच उघडली, तर तो ती राउटरकडे न लावता थेट बाहेर लावणार, आणि ओ आली नाही की वळून म्हणणार, ‘बघा, म्हणलं नव्हतं का?’