भुतांचा तलाठी

तलाठी गावातल्या जमिनींची नोंद ठेवतो. वीरचे आबा गावातल्या भुतांची ठेवतात. हे दप्तर तोंडी असल्यामुळे त्यात फेरफार केव्हाही करता येतो, एवढी सोय जास्त.

महाडला जायला वीरला उतरणाऱ्यांना आबा स्टेशनातल्या बाकावर हमखास भेटतात. सत्तरी ओलांडलेली, उमेद मुंबईच्या गिरणीत गेलेली, गळ्यात बाराही महिने मफलर. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बॅटरी मांडीवर. किल्ल्यांच्या जुडग्यात बैलाच्या नालेचा एक तुकडा अडकवलेला असतो. कशाला म्हणून विचारलं तर सांगतात, ‘‘जड असलं की किल्ल्या हरवत नाहीत.’’ भूत लोखंडाला भितं, हे सगळ्या कोकणाला माहीत आहे. आबांना तेवढं माहीत नसतं.

भुताचं नाव निघालं की आबांचे प्रश्न ठरलेले. मुक्काम कुठल्या झाडावर? मेलं कशानं? लग्न झालं होतं का? आणि मागतं काय? यांची उत्तरं नसतील तर ती अफवा, नोंद नाही. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेला, तो मुंजा; राहणार पिंपळ. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. धनात जीव अडकून निपुत्रिक मेला तो समंध. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. डोहाशी हाका मारतो, मासे मागतो, पण त्याचे केस हाती लागले तर जन्मभर घरगडी होऊन राबतो. सगळ्यांचा वरिष्ठ वेताळ. तो आरवलीला वेतोबा म्हणून बसलाय, रात्री गस्त घालतो आणि भक्तांनी वाहिलेल्या हातभर लांबीच्या चपला झिजवतो. ‘‘झिजलेल्या चपला बघून ये,’’ आबा म्हणतात, ‘‘याहून पुरावा तो काय?’’

पुतण्यानं मोबाइल दिला आणि आबांचं कार्यक्षेत्र वाढलं. आता जगभरची भुतं त्यांच्यासमोर अर्ज घेऊन उभी असतात. आबा फोन हातभर लांब धरतात, डोळे बारीक करतात आणि निकाल देतात.

रशियातली बाबा यागा कोंबडीच्या पायांवर चालणाऱ्या झोपडीत राहते, हे वाचल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘घरपट्टी कुठं पाठवायची?’’ अर्ज नामंजूर. स्कॉटलंडमधल्या नेस सरोवराच्या राक्षसाचा 1934 सालचा गाजलेला फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीला बसवलेलं मुंडकं होतं, हे 1994 मध्ये उघड झालं. आबांचा आक्षेप फोटोला नव्हताच. ‘‘इतकी वर्षं तळ्यात राहून एकालाही धरलं नाही? त्यापेक्षा आमच्या सावित्रीतल्या मगरी बऱ्या. निदान उन्हात येऊन पडतात तरी.’’ फिलिपिन्समधली मनानंगल मात्र त्यांनी राखून ठेवली. तिचं कमरेवरचं धड रात्री पंख फुटून उडून जातं, पाय जागीच उभे. त्या उरलेल्या अर्ध्यावर मीठ टाकलं की ती संपली. ‘‘मीठ!’’ आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘म्हणजे दृष्ट काढायची रीत तिथवर गेली म्हणायची.’’

खरी पसंती मिळाली जपानच्या कप्पाला. नदीत राहणारा, पोराएवढा, डोक्यावरच्या खळग्यात पाणी. त्याला वाकून नमस्कार केला की तोही शिष्टाचार म्हणून वाकतो, पाणी सांडतं आणि शक्ती जाते. काकडीवर जीव. ‘‘गिऱ्हाच की!’’ आबा म्हणाले. ‘‘आपला मासे मागतो, हा शाकाहारी निघाला, एवढंच.’’

या छाननीतून आबांनी एक सिद्धान्त काढलाय: त्यांची ती जनावरं, आपली ती माणसं. ग्रीकांचा कायमेरा म्हणजे सिंहाला बोकड आणि सापाची शेपटी जोडलेली. आपलं भूत म्हणजे कुणाचा तरी राहून गेलेला विधी, अडकलेला लोभ, अर्धं बाळंतपण. मला यात तथ्य वाटतं. पोटात तोंड असलेला रामायणातला कबंध आणि किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्ती पायाखाली दाबून बसलेला शरभ हे आपलेच ना, असं विचारून पाहिलं. ‘‘ते पुराण खातं. माझ्या हद्दीत येत नाही.’’

आबांच्या दप्तराला छापील आधारही आहे. अनंत कान्हेऱ्यांनी 1909 साली नाशिकला ज्याला गोळ्या घातल्या त्या कलेक्टर जॅक्सनला लोकसमजुती टिपायचा नाद होता. त्याच्या टिपणांवरून एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या साहेबानं 1915 साली कोकणावरचं पुस्तक काढलं. त्यातली माहिती पुरवली ती गावोगावच्या शाळामास्तरांनी. सकाळी पाढे, संध्याकाळी सरकारला हडळीचा अहवाल! त्या यादीत बिनलग्नाच्या क्षत्रियाचं ‘वीर’ नावाचंही एक भूत आहे हे कळलं, त्या दिवशी आबांनी आख्ख्या बाकाला चहा पाजला.

त्या यादीतली एक गोष्ट मला मात्र चहाबरोबर उतरली नाही. मुंजा ब्राह्मणाचा, वीर क्षत्रियाचा, लावसट खालच्या मानलेल्या जातीतल्या विधवेची. मेल्यावरही जात सुटत नाही! इथून जवळच महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. भुतांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही. हे आबांना म्हटलं तर ते गप्प झाले, चुना मळत राहिले आणि म्हणाले, ‘‘दप्तर जुनं आहे रे. नोंदी बदलायला हव्यात.’’

रेल्वेबद्दल त्यांना आदर आहे. 1993 साली कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली आणि पुढचा मार्ग होईपर्यंत इथेच थांबली. इंजिनिअरांना याची वेगळी कारणं माहीत आहेत. आबांच्या मते पुढच्या हद्दीची राखण द्यायची राहिली होती. कोंबड्यावर भागलं असतं.

राग आहे तो महामार्गावर. चौपदरीकरणात झाडं गेली. ‘‘जमीनवाल्याला मोबदला मिळाला. पिंपळावरच्या मुंज्याचं काय? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो प्रकल्पग्रस्त नाही?’’ कशेडी घाटात पांढऱ्या साडीत गाडी थांबवणाऱ्या बाईचीही त्यांना काळजी आहे. बोगदा झाल्यापासून गाड्या घाटात जातातच कशाला?

एवढ्या नोंदी, पण स्वतः पाहिलेलं भूत एकही नाही. प्रत्येक साक्षीदार चुलत्याचा मेव्हणा नाहीतर मेव्हण्याचा साडू, आणि तोही वारलेला. खोदून विचारलं तर आबा चिडतात, ‘‘तलाठ्यानं काय प्रत्येक शेत स्वतः नांगरायचं?’’

तेव्हा पॅसेंजर उशिरा आली आणि अंधारात वीरला उतरलात, तर ‘‘चला, तुम्हाला सोबत करतो’’ म्हणणारा एक म्हातारा पुढे येईल. सोबत कुणाला हवी आहे ते विचारू नका. आबांना घरापर्यंत पोचवा, तंबाखू द्या, आणि परदेशी भुतांची तारीफ तेवढी करू नका.