ताण घ्या, पण नीट घ्या

भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला आणि ऐच्छिक विषयांत सॉफ्ट स्किल्स, व्यक्तिमत्त्व विकास, ताण व्यवस्थापन असा सगळा मेवा घातला. यातलं ताण व्यवस्थापन येतं शेवटच्या वर्षाला. तीन वर्षं ताण साठवायचा, चौथ्या वर्षी तो कुठे ठेवायचा ते शिकायचं!

करोल बागेत अजमल खान रोडवर ड्युटीचे पांढरे बूट घेणारी पोरगी बघा. विट्याकडची, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्या मामाच्या भरवशावर दिल्लीत आलेली. दुकानदार म्हणतो, "साढ़े छह सौ, सिस्टर." ही तीनशेवर अडून. तो पोराबाळांच्या शपथा घेतो. ही बूट खाली ठेवते आणि चालू पडते. चार पावलं जात नाही तोच मागून हाक, "अच्छा, ले जाओ!" जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितलीत, त्यातली निम्मी इथे पदपथावरच उरकली.

हीच मुलगी वॉर्डात शिरली की मुकी होते. नातेवाईक खेकसले, हस. डॉक्टर खेकसले, ऐकून घे. मॅडम खेकसल्या, सॉरी म्हण. तिथे यालाच जीवनकौशल्य म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हे परिषदेचंच प्रमाण. रात्रपाळीत खाटा मोजून ते कुणाला विचारावं, याचा धडा मात्र नाही.

संवादकौशल्याचं प्रात्यक्षिक दिल्लीनेच करून दाखवलं. जून 2021, कोविडची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती. जी. बी. पंत रुग्णालयाने फर्मान काढलं: परिचारिकांनी मल्याळम बोलायचं नाही, हिंदी किंवा इंग्रजीच बोलायचं, नाहीतर कारवाई. मल्याळी नर्सा गप्प बसल्या नाहीत. देशभर बोभाटा झाला आणि दुसऱ्याच दिवशी फर्मान मागे. पीपीई किटमध्ये घामाने निथळताना मायबोलीतून दोन शब्द बोलणं हेच खरं ताण व्यवस्थापन, हे साहेबांना कोण शिकवणार? ऐच्छिक विषय फक्त पोरींना.

पगाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने छोट्या खासगी रुग्णालयांतही किमान 20 हजारांची शिफारस केली. मुलाखतीत तो आकडा काढून बघा. समोरचे एचआरवाले गोड हसून विचारतील, "टीममध्ये जुळवून घेता येतं ना तुम्हाला?"