नाळे बा!

नव्वदच्या दशकात बेंगळुरूमध्ये एक भूत रात्री दारं ठोठावत फिरतं, अशी वदंता होती. ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारायची आणि दार उघडलं की कारभार आटोपला. लोकांनी दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा'. म्हणजे उद्या ये. भूत बिचारं आज्ञाधारक. वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, पुन्हा तेच वाचायचं. 2018 च्या 'स्त्री' सिनेमात हीच युक्ती हिंदीत वापरली आहे. आपल्या वाण्याच्या 'आज रोख, उद्या उधार'चं हे कानडी भावंड.

मी याला दंतकथा समजत होतो. मग आनेकलला टू बीएचके घेतला, इंटिरिअर डिझायनर नेमली आणि उलगडा झाला. या गोष्टीतलं भूत मी आहे.

आनेकल हा बेंगळुरू शहर जिल्ह्यातला टोकाचा तालुका, पलीकडे तमिळनाडूचं होसूर. कानडीत आनेकल्लु म्हणजे आभाळातून पडते ती गार. शब्द सोडवला तर हत्ती आणि दगड. बन्नेरघट्टाचं जंगल याच तालुक्यात, त्यामुळे हत्ती खरेखुरे आहेत. पण गारेचा अर्थ कळायला घर सजवावं लागतं. पगार हातात पडतो आणि मूठ मिटेपर्यंत पाणी.

पहिल्या भेटीत डिझायनरबाईंनी टॅब उघडून विचारलं, "सर, तुमची व्हाइब काय?" आईला 'वाई' ऐकू आलं. ती म्हणाली, "वाईचे नाही हो, आम्ही कराडचे." बाईंनी ते लिहून घेतलं असावं, कारण त्यानंतर आम्हाला 'जपांडी' शैली सुचवण्यात आली. जपान अधिक स्कँडिनेव्हिया. दोन्हीकडे म्हणे घरात वस्तूच नसतात. आमच्याकडे आजीचे पितळी डबेच चौदा.

मग थ्रीडी चित्रं आली. काय सांगू महाराजा! ओट्यावर काचेच्या भांड्यात सात लिंबं, सोफ्यावर पडलेला एक परदेशी कुत्रा, खिडकीतून मे महिन्यातही कोवळं ऊन. मिक्सर नाही, कुकर नाही, गव्हाचं पिंप नाही. दिवाणखान्यात पंखासुद्धा नाही. विचारलं तर म्हणाल्या, "सर, तो नंतर ॲड होतो." आम्ही लिंबांवर भाळून सही केली.

इथेच मराठी माणूस फसतो. चित्रं नऊ पानं, रंगीत. कोटेशन दीड पान, आणि त्यात 'प्लाय : ब्रँडेड'. ब्रँडेड तर माझी बनियनही आहे! प्लायवर नंबर असतो, हे मला सिंकखालचं कपाट फुगल्यावर कळलं. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. तो उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला असतो. आमच्याकडे लागला तो एमआर, म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा. तो बेडरूमच्या कपाटात सुखाने नांदतो, सिंकखाली घातला की नव्या जावयासारखा फुगून बसतो. वरून दोघांवरही एक मिलिमीटरचा तोच लॅमिनेट, त्यामुळे ओळखू येत नाही. बिलावर जीएसटी मात्र सगळ्याला सारखाच, 18 टक्के.

या विद्येला पदवी लागते का, हेही तेव्हाच शोधलं. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, नाहीतर गुन्हा. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला व्हिजिटिंग कार्ड लागतं. याच क्षेत्रातल्या मंडळींनी त्याच 1972 साली आपली संस्थाही स्थापन केली, पण तिचं सभासद नसलं तरी कोणी अडवत नाही. (1972 म्हटलं की आपल्याला दुष्काळच आठवतो. तोही त्याच साली.)

गुढीपाडव्याला कामाचा नारळ फोडला. वायदा 45 दिवसांचा. सही झाल्यावर समजलं, दिवस म्हणजे कामाचे दिवस. रविवार वगळायचा, पाऊस वगळायचा, फॅक्टरीतलं मशीन बिघडलेलं वगळायचं. फोन केला की उत्तर एकच : "नाळे, सार." नाळे म्हणजे उद्या, हे मी शिकलो. कुठला उद्या, ते व्याकरणात नाही.

बोम्मसंद्रापर्यंतची पिवळी मेट्रो वर्षानुवर्षं रखडली म्हणून अख्खं शहर कावलं होतं. 10 ऑगस्ट 2025 ला तीही सुरू झाली. आमच्या ट्रॉल्या अजून वाटेतच.

आल्या तेव्हा बसवायला राजस्थानचा सुतार आला. कानावर पेन्सिल, तोंडात गुटखा. त्याने नकाशा पाहिला, मग भिंत पाहिली, मग माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. फ्रिजचं दार भिंतीला अडून अर्धंच उघडणार होतं. म्हणजे फ्रिज चालेल, पण भाजीचा ट्रे बाहेर येणार नाही. नऊ पानांच्या चित्रात फ्रिज बंद होता ना! त्याने फ्रिजची जागा चार इंच सरकवली आणि नवा नकाशा प्लायच्या तुकड्यावर काढून दिला. तो मी जपून ठेवला आहे.

ओट्याचं तर बोलूच नका. याच तालुक्यात जिगणी आहे. तिथे ग्रॅनाइट कापणारे कारखाने ओळीने उभे आहेत, स्कूटरवरून जाऊन लादी पसंत करता येते. पण आमच्या व्हाइबला ग्रॅनाइट चालत नव्हतं. पांढरा क्वार्ट्झ बसला. पहिल्याच आठवड्यात आईने त्यावर हळद सांडली. तो कोपरा आता घरात सगळ्यांत जास्त जपानी दिसतो, सूर्योदयासारखा.

सगळेच डिझायनर असे नसतात, हे कबूल करायला हवं. माझ्या मेहुणीकडे आलेल्या मुलीने पहिल्या भेटीत व्हाइब विचारली नाही. तिने विचारलं, पोळ्या कोण करतं? मग त्या माणसाला उभं केलं, टेप काढली आणि कोपरापर्यंतची उंची मोजली. पोळ्या मेहुणीचा नवरा करतो, तो सहा फुटी. त्यांचा ओटा आमच्यापेक्षा उंच आहे आणि त्याची कंबर शाबूत आहे. असा एक प्रश्न विचारणारी भेटली तर फी देताना घासाघीस करू नका.

बाकी रेराच्या नावाने गळा काढून उपयोग नाही, रेरा बिल्डरला धरतं, आतल्या लाकडाला नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मात्र लागू होतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क शून्य आहे. मी अजून गेलेलो नाही. कारण शेजारचे निपाणीचे काका. करार व्हायच्या आधी जिन्यात गाठून म्हणाले होते, "पैसं समदं देऊ नकासा बघा. शेवटचा हप्ता हातात ठेवा." बुकिंगला 10 टक्के, नकाशाला 50, माल निघताना 35. उरलेले 5 टक्के शेवटचा स्क्रू बसल्यावर, असं मी हाताने लिहून घेतलं. त्या दीड पानातली तेवढीच ओळ माझी.

दसऱ्याला गृहप्रवेश झाला. लॉफ्टचं एक दार अजून त्यांच्याकडे आहे. पाच टक्के माझ्याकडे.